शाळेच्या नावाने शहर मागणाऱ्या साउथ फोर्सिथच्या (अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ) मराठी मंडळींना खुलं पत्र

सगळ्या मंडळींना नमस्कार,

पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय आणि मुद्दाम लांब लिहितोय. आपल्या भागाचं वेगळं शहर, म्हणजे स्वतःची नगरपालिका, काढायचं की नाही हा विषय दोन ओळींच्या मेसेजमध्ये मावत नाही, आणि मावतो असं वाटल्यामुळेच सगळा गोंधळ झालाय. ज्यांना शहर नकोच आहे त्यांच्याशी माझं काही भांडण नाही आणि ज्यांना हवंय त्यांच्याशीही नाही, पण "आपलं वेगळं शहर झालं की शाळा आपल्या हातात येतील" असं जे आजकाल प्रत्येक बर्थडे पार्टीत, गणपतीच्या मीटिंगमध्ये आणि पोरांना स्विमिंगला सोडून बाहेर खुर्च्यांवर बसल्यावर ऐकू येतं ना, ते साफ चुकीचं आहे. साफ म्हणजे साफ, त्यात मतभेदाला जागाच नाही.

कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर रीझोनिंगचा, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याचा, बोर्ड लागला की हे सुरू होतं. कुणीतरी गाडी थांबवून फोटो काढतं, मग "किती युनिट्स?", मग "अरे बापरे, सगळी पोरं आपल्याच शाळेत येणार", आणि मग पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं की काउंटीवाल्यांना (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) आपली पडलेली नाही, आपण आपलं शहर काढू. इथपर्यंत ठीक आहे. त्याच्या पुढचं वाक्य असतं "आणि मग आपली स्कूल सिस्टिम". इथे गाडी घसरते.

आधी आपण नक्की राहतो कुठे ते बघू, कारण नवीन आलेल्यांना हे कोणी सांगतच नाही. आपल्या पाकिटांवर कुणाच्या कमिंग लिहिलेलं असतं, कुणाच्या सुवानी, कुणाच्या अल्फारेटा. हा फक्त पोस्टाचा पत्ता आहे. सुवानी शहर ग्विनेट काउंटीत आहे, अल्फारेटा फुल्टनमध्ये, आणि कमिंग शहर १८३४ पासूनचं असलं तरी त्याची हद्द छोटीशी आहे, आपण त्यात नाही. आपण राहतो अनइनकॉर्पोरेटेड, म्हणजे कुठल्याच शहरात नसलेल्या, फोर्सिथ काउंटीत. आपल्याला मेयर नाही, सिटी कौन्सिल नाही. रस्ते, पार्क, बिल्डिंग परमिट, झोनिंग, सगळं काउंटीच्या पाच कमिशनरांकडे. आणि शाळा त्या कमिशनरांकडेही नाहीत. शाळांसाठी वेगळं स्कूल बोर्ड, तिथले मेंबर वेगळे निवडून येतात, त्यांचा सुपरिंटेंडंट वेगळा, त्यांचा टॅक्स वेगळा. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की एकदा नीट बघा, सगळ्यात मोठा आकडा शाळेच्या ओळीसमोर असतो, काउंटीच्या नाही.

आपला घोळ कुठे होतो ते मला कळतं. आपण वाढलो तिथे मनपाची शाळा असायची, नाहीतर झेडपीची शाळा. गाव महापालिकेत गेलं की झेडपीची शाळा मनपाकडे जाते, म्हणजे हद्द बदलली की शाळेवरचा बोर्ड बदलतो. पुण्यात फुरसुंगी-उरुळी देवाचीचं काय झालं आठवतंय ना, २०१७ ला महापालिकेत घेतली, पुढे बाहेर काढून वेगळी नगरपरिषद. तेच गणित डोक्यात घेऊन आपण इथे बघतो. पण जॉर्जियात शहर आणि शाळा हे एकाच घरातले दोन भाऊ नाहीतच, त्यांचा सातबारा पहिल्यापासून वेगळा आहे.

आणि हे नुसत्या रिवाजाने नाही, राज्यघटनेने. जॉर्जियाच्या १९४५ च्या घटनेने सांगितलं की त्या वेळी ज्या शहरांची स्वतःची स्कूल सिस्टिम आहे ती राहील, पण यापुढे कुठलीही नवीन स्वतंत्र स्कूल सिस्टिम निघणार नाही. आत्ता जी घटना चालू आहे त्यातही हे तसंच आहे. म्हणून राज्यात १५९ काउंटी, त्यांच्या १५९ सिस्टिम, आणि वर २१ शहरांच्या, झाल्या १८०. अटलांटा, डिकेटर, मॅरिएटा, गेन्सव्हिल, बुफर्ड ही सगळी त्या २१ मधली.

आता बुफर्डचं नाव घेतलं की लगेच "बघा, बुफर्डची कशी आहे स्वतःची, नंबरात असते, मग आपण का नाही?" हा प्रश्न मला या एका महिन्यात इतक्या जणांनी विचारलाय की आता मी चहा ठेवतानाच उत्तर द्यायला सुरुवात करतो. बुफर्डची सिस्टिम १९४५ च्या आधीची आहे म्हणून ती टिकली. आपण उद्या शहर काढलं, त्याला कितीही छान नाव दिलं, मेयर आपल्या गल्लीतला बसवला, तरी बुफर्ड होता येत नाही. ते दार ऐंशी वर्षांपूर्वी बंद झालंय.

ते उघडायचा प्रयत्न कोणी केला नाही असंही नाही. डनवुडी या नव्या शहराचे तेव्हाचे आमदार टॉम टेलर यांनी नवीन शहरांना स्वतःचं स्कूल डिस्ट्रिक्ट काढता यावं म्हणून घटनादुरुस्तीचा ठराव आणला होता. घटनादुरुस्ती म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, आणि वर अख्ख्या राज्यातल्या मतदारांचं बहुमत. पुढे सरकलाच नाही तो. डनवुडीच्या पोरांसाठी राज्याच्या पार दक्षिणेकडच्या व्हाल्डोस्टाचा माणूस का मत देईल, आणि ज्या काउंटीतून श्रीमंत भाग निघून जाणार तिथले आमदार का हो म्हणतील, तुम्हीच सांगा.

उदाहरणासाठी लांब जायची पण गरज नाही. मॅकगिनिस फेरी रोड ओलांडा. पलीकडे जॉन्स क्रीक. आपल्यातले निम्मे आधी तिकडे राहून मग इकडे आलेत आणि उरलेल्या निम्म्यांचे भाऊ, मेव्हणे, कॉलेजचे मित्र तिकडे आहेत. जॉन्स क्रीक डिसेंबर २००६ मध्ये शहर झालं. मेयर आहे, स्वतःचे पोलीस आहेत, फायर आहे, सगळं आहे. आणि नॉर्थव्ह्यू हाय, चॅटाहूची हाय, जॉन्स क्रीक हाय कोणाच्या? फुल्टन काउंटी स्कूल्सच्या. शहर झालं तरी त्यांच्याच. कुठल्या रस्त्यावरचं पोर कुठल्या शाळेत जाणार हे ठरवताना मेयरला एका सामान्य पालकाइतकंच बोलता येतं, माईकसमोर उभं राहून. सँडी स्प्रिंग्ज २००५, मिल्टन २००६, डनवुडी २००८, ब्रुकहेवन २०१२, पीचट्री कॉर्नर्स २०१२, टकर २०१५ च्या मतदानातून, मेबल्टन २०२२ च्या, मलबेरी २०२४ च्या. गेल्या वीस वर्षांत एवढी शहरं निघाली आणि यातल्या एकाकडेही स्वतःची शाळा नाही. एकाकडेही.

शेजारच्या डिकॅल्ब काउंटीचं तर खास सांगायला हवं, कारण शाळांवरून लोक खरोखर चिडले होते ते तिथे. २०१२ च्या शेवटी डिकॅल्बच्या स्कूल डिस्ट्रिक्टला ॲक्रेडिटेशनवाल्यांनी, म्हणजे शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, प्रोबेशनवर टाकलं, म्हणजे मुलांच्या डिप्लोम्याला किंमत राहते की नाही अशी वेळ. आईबाप घाबरणारच. २०१३ मध्ये गव्हर्नर नेथन डील यांनी नऊपैकी सहा बोर्ड मेंबरांना घरी बसवलं. त्याच वर्षी ड्रुइड हिल्सच्या लोकांनी वेगळा रस्ता काढला, शहर नको, आपल्या भागातल्या शाळांचं मिळून चार्टर क्लस्टर, म्हणजे जास्त स्वायत्तता असलेला शाळांचा गट, करू. पालकांनी आणि शिक्षकांनी प्रचंड बहुमताने हो म्हटलं आणि स्कूल बोर्डाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळलं. एका मताने! मग त्या भागात लोक दोन दिशांना पळाले, काही जण म्हणाले नवीन शहर, काही म्हणाले अटलांटात सामील होऊ, कारण अटलांटाची स्कूल सिस्टिम जुनी आहे, हद्द वाढली की तिच्या शाळा मिळतील. हा दुसरा विचार निदान कायद्याला धरून होता, पटो ना पटो. नवीन शहराच्या बाजूचं लाव्हिस्टा हिल्स २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये १३६ मतांनी पडलं, त्याच दिवशी शेजारचं टकर निवडून आलं. आज टकरवाला शहरात राहतो आणि लाव्हिस्टा हिल्सवाला काउंटीत, आणि दोघांचीही पोरं डिकॅल्ब काउंटीच्याच शाळेत जातात. जो काही फरक पडला तो बोर्डावरची माणसं बदलल्याने पडला.

आता तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, उलट. १९९० ला या काउंटीत ४४ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत अडीच लाखांच्या वर. ही वाढ शाळांत दिसणारच. लॅम्बर्ट हाय २००९ ला उघडली, डेन्मार्क २०१८ ला, ईस्ट फोर्सिथ २०२१ ला, आणि दर वेळी शाळा उघडली की रीडिस्ट्रिक्टिंग, म्हणजे कुठलं घर कुठल्या शाळेत याच्या हद्दी नव्याने. तो नकाशा आला की घराघरात काय होतं ते मी सांगायला नको. फोनवर पीडीएफ दोन बोटांनी मोठी करत करत आपली सबडिव्हिजन शोधायची, रेघ आपल्या मागच्या कुंपणावरून जातेय की पुढच्या रस्त्यावरून ते बघायचं, आणि मग बायकोला हाक मारायची. आमच्या धाकट्याच्या शाळेत एक वर्ष लंच सकाळी साडेदहाला होतं, कारण कॅफेटेरियात सगळे मावतच नव्हते, म्हणून पाळ्या लावलेल्या. साडेदहाला पोळी-भाजी खाणार कोण? डबा जसाच्या तसा परत, आणि पावणेतीनला पोर घरी आलं की फ्रिज उघडून उभं. ट्रेलरमध्ये वर्ग असलेल्या पोरांना तर बाथरूमला जायचं तरी पावसात जॅकेट घालून मेन बिल्डिंगपर्यंत. तेव्हा गर्दीचा त्रास आहे, मान्य.

पण गर्दी कशाने होते आणि ती थांबवायचं बटण कोणाकडे आहे हे सोडून आपण भलत्याच्याच मागे लागलोय.

शहर झालं तर हातात नक्की काय येईल? झोनिंग. हा मुद्दा खरा आहे आणि शहरवाल्यांनी फक्त एवढाच मांडला असता तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. जॉर्जियाच्या कायद्यात बिल्डरकडून रस्ते, पाणी, पार्क, फायर, लायब्ररी यासाठी इम्पॅक्ट फी घेता येते, पण शाळेसाठी घेता येत नाही. म्हणजे तीनशे घरं बांधणारा बिल्डर शाळेच्या एका खोलीचे पैसेही त्या फीतून देत नाही, ते आपण सगळे बॉण्ड (कर्जरोखे) काढून टॅक्समधून भरतो. मग शाळेतल्या गर्दीवर खरा नळ उरतो तो झोनिंगचा, आणि तो आज काउंटी कमिशनकडे आहे. शहर झालं तर तो शहराकडे येईल. बरोबर.

पण पुढे बघा ना जरा. एक तर ज्या जमिनी आधीच झोन होऊन बसल्यात त्यांना नवीन कौन्सिल हात लावायला गेलं तर कोर्टात उभं राहायची तयारी ठेवावी लागते. दुसरं, आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं, शाळेची हद्द शहराची हद्द बघून आखत नाहीत. समजा आपलं शहर झालं आणि आपण आत एकही अपार्टमेंट येऊ दिलं नाही. रस्त्याच्या पलीकडे, आपल्या रेघेच्या बाहेर, काउंटीने पाचशे युनिट्स मंजूर केले. ती पोरं कुठे जाणार? स्कूल बोर्ड म्हणेल तिथे, म्हणजे बहुतेक आपल्याच शाळेत. उलट आज आपण थेट काउंटीच्याच कारभारात आहोत म्हणून त्या पाचशे युनिट्सच्या हिअरिंगला उभं राहून निदान "तुम्ही आमचे कमिशनर" असं बोलू शकतो, उद्या ते म्हणतील तुम्ही तुमच्या शहरात बघा.

आणि नवीन शहराला पैसा लागतो, तो काही झाडाला लागत नाही. कायद्याने जॉर्जियातल्या शहराला ठरलेल्या यादीतल्या निदान तीन सेवा तरी द्याव्या लागतात, म्हणून "सिटी लाइट" निघालं, पीचट्री कॉर्नर्ससारखं, झोनिंग, कोड एन्फोर्समेंट आणि कचरा, संपलं. पोलीस, फायर काउंटीचेच. स्वस्त असतं हे, खोटं नाही. पण मेयर, मॅनेजर, वकील, प्लॅनर, ऑफिसचं भाडं हे कुठून तरी यायचं, आणि ते येतं बिझनेस लायसन्स, परमिट, फ्रँचायझी फी असल्या गोष्टींतून, आणि नाही पुरलं तर प्रॉपर्टी टॅक्समधून. हिशोब सोपा आहे, जॉर्जियात घराच्या बाजारभावाच्या ४० टक्क्यांवर टॅक्स लागतो, म्हणजे सहा लाख डॉलरचं घर असेल तर दोन लाख चाळीस हजारावर, आणि एक मिल म्हणजे हजाराला एक डॉलर, म्हणजे वर्षाला २४० डॉलर. फार नाहीत. पण परमिट फीवर जगणारं शहर बांधकाम कमी करेल की वाढवेल, हा प्रश्न मी इथेच ठेवतो, आपण सगळे आयटीतले असलो तरी एवढा धंदा कळतो आपल्याला.

काउंटीवाले ऐकत नाहीत, आपला मेयर ऐकेल, हे पण एक. ऐकेलही. पण डिकॅल्बमधल्याच स्टोनक्रेस्टचे पहिले मेयर जेसन लॅरी यांना कोविडच्या मदतीचे पैसे लाटले म्हणून २०२२ मध्ये ५७ महिने तुरुंगाची शिक्षा झाली. लहान शहर म्हणजे आपोआप चांगलं शहर नाही, लहान ग्रामपंचायतीत काय काय चालतं ते आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, अर्ध्यांचे काका-मामा सरपंच होते.

जुन्या मंडळींना आठवत असेल, हे सगळं आपल्याकडे एकदा होऊन गेलंय. शॅरन स्प्रिंग्ज. पार्कचंच नाव घेतलेलं शहर. २२ मे २०१८ ला मतदान झालं. बिलात अट होती ५७.५ टक्क्यांची, आणि हो म्हणणारे निम्म्याहून जास्त असूनही तिथपर्यंत पोचले नाहीत, शहर पडलं. तेव्हाही "शाळा वाचवा" ऐकलंय मी. आणि गंमत अशी की त्याच दिवशी, त्याच मतदानात, अख्ख्या काउंटीने २९.५ कोटी डॉलरचा स्कूल बॉण्ड पास केला. म्हणजे शाळांसाठी ज्याने खरोखर खोल्या बांधल्या जातात ती गोष्ट झाली, आणि आपल्यातल्या अनेकांना तिचं नावसुद्धा माहीत नाही, शहराच्या वादाच्या आठवणी मात्र पक्क्या.

आता जरा घरातलं बोलतो, रागावू नका.

त्या मतदानात आपल्यातले किती जण होते? एच-वनवाल्यांना मत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना नाही, आणि आपल्या लोकांची ग्रीन कार्डची लाइन तर काय विचारता, पोरं कॉलेजला जातात तरी बापाचा नंबर येत नाही. टॅक्स पूर्ण भरायचा, पोरं याच शाळांत, आणि शहर हवं की नको यावर बोलायचा हक्क नाही. याचं मला वाईट वाटतं आणि तो कायदा काही मी बदलू शकत नाही. पण ज्यांना सिटिझनशिप मिळालीय, शपथ घेतल्यावर झेंडा हातात घेऊन काढलेले फोटो आपण सगळ्यांनी लाइक केलेत, त्यांच्यातले कित्येक जण मेमधल्या मतदानाला जातच नाहीत. ही शहराची मतदानं बऱ्याचदा कधी असतात बघा, शॅरन स्प्रिंग्ज मे २०१८, कॉबमधलं ईस्ट कॉब मे २०२२, मलबेरी मे २०२४. प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांचे उमेदवार निवडायच्या दिवशी, लोक कमी येतात तेव्हा. आणि मे महिन्यात शाळा संपत आलेली, आपलं सगळं लक्ष भारताच्या तिकिटांत आणि बॅगांच्या वजनात. ॲडव्हान्स व्होटिंग तीन आठवडे आधी सुरू होतं हो, जाता जाता मत टाकून जाता येतं. स्कूल बोर्डाची निवडणूक इथे पक्षाच्या तिकिटावर होते, त्यामुळे बऱ्याचदा नोव्हेंबर यायच्या आधी मेमध्येच सगळं ठरून गेलेलं असतं. जॉर्जियात पक्षाचं रजिस्ट्रेशन लागत नाही, त्या दिवशी जी हवी ती बॅलट मागायची. हे ज्याला माहीत नाही त्याने "आपल्याला कोणी विचारत नाही" म्हणू नये, बस.

आणि अपार्टमेंटवाल्यांबद्दल जे काही बोललं जातं ते मला ऐकवत नाही आता. "रेंटर्स येतात आणि शाळेचा दर्जा जातो." अहो, आपण कोण होतो? अटलांटात आल्यावर पहिलं वर्ष, दोन वर्षं, काहींची पाच, आपण सगळे अपार्टमेंटमध्येच होतो, एकाच खोलीत चटई टाकून झोपलोय, आणि लीजचा कागद दाखवून पोरांना याच शाळांत घातलंय. लीज घेताना आधी शाळेचं रेटिंग बघितलं आणि मग किचन बघितलं. तेव्हा आपल्याला कोणी थांबवलं असतं तर चाललं असतं का? या काउंटीत १९१२ मध्ये काळ्या लोकांना, हजाराहून जास्त माणसांना, मारून धमकावून हाकलून लावलं होतं, आणि १९८७ मध्ये शांततेत मोर्चा काढणाऱ्यांवर दगड पडले होते, ही काही फार जुनी गोष्ट नाही. अशा ठिकाणी आज आपण आपल्या भाषेत गणपतीची मिरवणूक काढतो. कोण आत आणि कोण बाहेर अशा रेघा ओढायला निघताना एवढं तरी डोक्यात असू दे. गर्दी वाढते म्हणून हिअरिंगला विरोध करा, रस्त्याचा, गटाराचा, शाळेच्या खोल्यांचा आकडा दाखवून करा, मी बाजूला उभा राहीन. माणसं कशी आहेत यावरून केलात तर मी नाही.

आणि हो, घरातल्या आजी-आजोबांसाठी एक. या काउंटीत ६५ पूर्ण झाले आणि घर नावावर असून तिथेच राहत असाल तर शाळेचा टॅक्स माफ होतो, अर्ज करावा लागतो. आपलीही सगळी पिढी हळूहळू त्या वयाला येतेय. उद्या शाळेचा टॅक्स न भरणारे आपणच जास्त होऊ आणि तेव्हा शाळेच्या बॉण्डला कोण हो म्हणेल याचा विचार मला शहरापेक्षा जास्त सतावतो. पण तो विषय वेगळा, परत कधीतरी.

तर माझं म्हणणं शहर काढू इच्छिणाऱ्या मंडळींना एवढंच आहे की तुम्ही घरोघर जाल, सह्या गोळा कराल, तेव्हा "शाळा" हा शब्द तुमच्या कागदावरून काढा. झोनिंगसाठी शहर हवं म्हणा, रस्त्यांवर जास्त खर्च व्हावा म्हणून म्हणा, आपल्या भागाला नाव आणि चेहरा हवा म्हणून म्हणा, घरांच्या किमती वाढतील म्हणून म्हणायचं असेल तर तेही उघड म्हणा. मग फिजिबिलिटी स्टडी येऊ दे, शहराचा चार्टर (सनद) येऊ दे, त्यात मिलेजची, म्हणजे टॅक्सच्या दराची, कॅप किती आणि ती वाढवायला काय लागतं ते वाचू, हद्दीचा नकाशा बघू, कुठली दुकानं आत घेतली आणि कुठली अपार्टमेंटं मुद्दाम बाहेर ठेवली तेही बघू, आणि मग ठरवू. मी आज "नाही"कडे झुकलेला आहे पण आकडे बघून "हो" म्हणू शकतो. शाळेच्या नावाने मत मागाल तर मात्र मी दारातच वाद घालणार, आणि ज्या घरात आत्ताच नवीन आलेलं, कायदा माहीत नसलेलं जोडपं राहतं तिथे तुमच्या आधी जाऊन येणार.

बाकीच्यांना, म्हणजे ज्यांना शहराचं काही नाही पण पोरांच्या शाळेची काळजी आहे, त्यांना सांगतो की स्कूल बोर्डाची मीटिंग दर महिन्याला असते, सगळ्यांसाठी उघडी असते, बोलायला नाव द्यावं लागतं. मी गेलोय, खुर्च्या रिकाम्या असतात. रीझोनिंगचं आधी प्लॅनिंग कमिशनसमोर येतं आणि मग कमिशनरांसमोर, आणि कायद्याने विरोध करणाऱ्यांना मिळून निदान दहा मिनिटं द्यावीच लागतात. दहा मिनिटं खूप असतात, पण आपल्यातले पाच जण येतात आणि पाचही जण ट्रॅफिकवरच बोलतात, तोवर घंटी वाजते. पुढच्या वेळी वाटून घेऊ, एकाने शाळेच्या खोल्यांचे आकडे, एकाने रस्ता, एकाने पाणी-सीवर, आणि एकाने फक्त एवढंच विचारायचं की या प्रोजेक्टमुळे किती मुलं वाढतील यावर स्कूल डिस्ट्रिक्टचं लेखी म्हणणं काय आहे ते वाचून दाखवा. हे काम शहर काढण्याच्या मानाने फारच छोटं आहे आणि उद्यापासून करता येतं. भारतातून आलेला माणूस इथे कमिशनर म्हणून निवडून येऊ शकतो हे अल्फ्रेड जॉन यांनी दाखवलंय, ते चेअरमनही झाले. स्कूल बोर्डाला उभं राहायला आपल्यातलं कोणी तयार असेल, सिटिझन असेल, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी द्यायची तयारी असेल, तर दारोदार फिरायला मी आहे, बायको आहे, आणि मोठी मुलगी आता अठराची झालीय, ती तर मतही देईल.

त्या कोपऱ्यावरच्या प्लॉटच्या हिअरिंगची तारीख बोर्डावर लिहिलेली आहे, बारीक अक्षरात, खाली डावीकडे. संध्याकाळी कमिंगला जाताना ट्रॅफिक लागतं म्हणून मी साडेपाचलाच निघणार आहे, माझ्या व्हॅनमध्ये सहा जणांची जागा आहे. ज्यांना मत नाही त्यांनीही या, हिअरिंगला बोलायला सिटिझन असावं लागत नाही.

आपला,
शॅरन स्प्रिंग्ज पार्कजवळ राहणारा एक मराठी बाप